फोन वाजला नाही तर पास

आमच्या मिन्केला गती नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पोरीला गती आहे. फक्त ती सगळी कालव्याच्या दिशेनं आहे.

आमच्या फ्रीजलंड प्रांतातली पोरं कालव्यात उभ्या केलेल्या लांबलचक काठीवर धावत येऊन झेप घेतात, सरसर वर चढतात आणि काठी कलली की पलीकडच्या वाळूत उडी मारतात. नाहीतर मध्येच डुबुक! मिन्के अशा डुबक्या खाऊन यायची, ओल्या केसांनी गणितं सोडवायला बसायची आणि वहीवरच घोरायची. त्यात समोरच्या काठावर तिचे गणिताचे होकेमा सर राहतात. खिडकीतून सगळं बघायचे आणि मला दुकानात गाठून गाऱ्हाणं सांगायचे. चीज राहायचं बाजूला, लाज घेऊन घरी यायची मी.

शेवटी मी बजावलं, "शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास झालीस तर शनिवारची स्पर्धा विसर. त्या काठीवर कपडे वाळत घालीन मी!"

"आई, बारा मीटरची आहे ती."

"घरात कपडे कमी नाहीत!"

मग पोरीनं भलतंच डोकं चालवलं. काठीवर खालपासून वरपर्यंत खडूनं सूत्रं लिहिली आणि चढताना मोठ्यानं म्हणायला लागली. अवघड सूत्रं टोकाला. ती वाचायची म्हणजे टोकापर्यंत चढणं आलं. सूत्रं किती पाठ झाली देव जाणे, पण उडी लांबली.

निकालाचा दिवस उजाडला. शाळेची रीत अशी, की दुपारी दोन ते तीन फक्त नापासांना फोन जातात. तीनपर्यंत फोन गप्प राहिला, तर पोर पास. मग घराबाहेर झेंडा लावायचा आणि त्याच्या काठीला दप्तर टांगायचं.

दोनला मी आणि मिन्के फोनसमोर बसलो. लगेच वाजला! मी झडप घालून उचलला. पलीकडे सासूबाई.

"आला का गं फोन?"

"तुमचाच आला! ठेवा आधी!"

दहा मिनिटांनी पुन्हा त्याच. "आता तरी आला का?"

"सासूबाई, तुम्हाला माझी शपथ, आता फोन करू नका!"

तेवढ्यात मिन्के किंचाळली, "बाबा काय करतायत?" खिडकीतून बघते तर काय, आमच्या वीत्सेनं पोरीची काठी कालव्यात उभी केलेली, टोकाला झेंडा फडफडतोय, दप्तर लोंबतंय!

मी ओरडले, "अरे शहाण्या, निकाल कुठे लागलाय अजून?"

"लागेलच की! आणि वारा काय मस्त सुटलाय बघ!"

"गाव हसेल आपल्याला! उतरव ते आधी!"

नवरा निघाला वर. सायकलवर चढताना धापा टाकणारा माणूस तो! अर्ध्यावर गेला तशी काठी हळूहळू कलली आणि वीत्से, झेंडा, दप्तर, सगळं डुबुक.

आणि फोन वाजला. तीनला पाचच मिनिटं होती. सासूबाईंना तर मी शपथ घातली होती, म्हणजे ही शाळाच. मिन्केनं हात पुढे केला आणि मी, धमकी देणारी मी, फोनवर आडवी पडले.

"उचलू नकोस! तीन वाजू देत!"

"आई, असं कुठे असतं का?"

"असतं! मला तुला शनिवारी उडताना बघायचंय!" बोलले आणि रडूच फुटलं.

पोरीनं मला हळूच बाजूला केलं आणि फोन उचलला. पलीकडे होकेमा सर. ती नुसती "हो सर, हो सर" करत राहिली, आणि माझा जीव टांगणीला.

"काय म्हणाले गं?"

"घरून बोलत होते, बाबांची डुबकी खिडकीतून बघून. पास झालेय मी. गणितात काठावर. पण दप्तरातली पुस्तकं शाळेची आहेत, वाळवून परत करा म्हणाले."

मी पोरीला असं आवळलं की तिला उडी काय, श्वास घेता येईना.

संध्याकाळी ती काठी गोठा आणि नासपतीचं झाड यांच्यामध्ये आडवी बांधली. तिच्यावर झेंडा, गणिताची पुस्तकं आणि वीत्सेची पँट वाळत घातली.

"बघ," मी मिन्केला म्हटलं, "घातले की नाही कपडे वाळत? शुक्रवारपर्यंत वाळले नाहीत तर ओलेच काढीन. शनिवारी काठी मोकळी हवी."