लेनाकाठची पहार

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या लेना नदीवरचा बर्फ फोडणं हा माझा धंदा. नाजूक कामं मला सांगूच नका. सामुदायिक शेतीच्या काळात गावच्या लोहारानं मोडक्या ट्रॅक्टरच्या लोखंडातून माझं टोक ठोकून काढलं आणि त्याला छातीइतका उंच लाकडी दांडा बसवला. माझा मालक द्योगोर. त्यानं दांड्यावर चाकूनं वितीवितीच्या खुणा केल्या.

आमच्याकडे हिवाळ्यात नदी हाच रस्ता. नोव्हेंबरात ती गोठली की पलीकडचं शहर, दवाखाना, पीठ, डिझेल सगळं जवळ येतं. पण गोठल्या नदीवर पहिलं पाऊल टाकायचं कुणी? द्योगोरनं! आमचे साखा लोक नदीला आजी म्हणतात. तो आधी तिला लोण्यात भिजवलेलं धिरडं द्यायचा, "आजी, सांभाळून घे गं," म्हणायचा आणि मग मला हाणायचा. पक्का बर्फ खणखणतो, कच्चा भदभद वाजतो. भोक पाडून त्यात मला सोडलं की जाडी कळते. एक वीत बर्फ असेल तर घोडा न्यावा, दोन विती असेल तर गाडी. "ही कधी खोटं बोलत नाही," असं द्योगोर चारचौघांत म्हणायचा, तेव्हा मी कशी फुलून जायची!

पुढे द्योगोर गेला. त्याचा मुलगा मिचील हिऱ्यांच्या खाणीत नोकरीला, महिनाभर तिकडे तर महिनाभर घरी. त्यानं बर्फाची जाडी मोजणारं यंत्र आणलं.

"आई, आता ते लोखंड दे टाकून," तो म्हणाला.

मी गोठ्यामागे शेणाच्या ढिगाऱ्यात पडले. तीन हिवाळे! गंजले, मित्रांनो. फार वाईट वाटलं.

चौथ्या हिवाळ्यात मिचीलची बायको तुयारा हिचे दिवस भरत आले. गावच्या नर्सनं तिचं पोट चाचपलं आणि नर्सचाच चेहरा उतरला.

"मूल आडवं आहे. ऑपरेशन लागेल. आजच्या आज पलीकडे न्या."

धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडेना. नदीवरचा सरकारी बर्फाचा रस्ता खुला व्हायला अजून आठवडा होता. मिचीलनं यंत्र बाहेर काढलं, तर उणे बेचाळीसच्या थंडीत त्याच्या बॅटरीनं मान टाकली.

त्याची आई ओगदो तडक उठली. ती गोठ्यामागे गेली आणि मला ढिगाऱ्यातून उपसून काढलं. अंग दुखलं, पण काय सांगू, किती बरं वाटलं!

दुपारच्या उजेडात आम्ही निघालो. पुढे मला हाणत ओगदो, मागे तुयाराला घेऊन हळूहळू मिचीलची गाडी, गाडीला पिण्याच्या बर्फाच्या लाद्या वाहायची घसरगाडी बांधलेली. खण, खण, दोन विती. खण, खण, अडीच. दर पन्नास पावलांवर ओगदो मागे वळून बघायची. एकदा बघितलं आणि ती ओरडलीच.

"अरे, सीटचा पट्टा कशाला बांधलास? सोड आधी!"

खाणीत पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. हाताला सवय लागलेली. त्यानं स्वतःचा तर बांधलाच होता, तुयारालाही घट्ट बांधलं होतं.

"आई, नियम आहे तो."

"तुझ्या खाणीचा! इथं गाडी बुडाली तर पट्ट्यासकट जाशील तळाला. दारं उघडी ठेव. हिऱ्यांच्या नादात बापाचं सगळं विसरलास की रे!"

मिचीलनं पट्टे सोडले. दारं उघडली तसा गार वारा आत घुसला.

"थंडीनंच मारणार का मला, आई?" तुयारा कण्हत म्हणाली.

"मारत नाही गं, पोहोचवते. ओरड हवं तेवढं, इथं ऐकायला कोण आहे?"

पलीकडचा काठ दोनशे पावलांवर आला आणि मी भद् वाजले. दुसऱ्या घावाला पाणी! तिथं बर्फावर हिमाचा जाड थर साचला होता. हिम गोधडीसारखं पांघरून बसलं की खाली बर्फ धरतच नाही. ओगदोनं तुयाराला घसरगाडीवर घेतलं, घोंगड्यांत गुंडाळलं आणि हिम उडून गेलेल्या उघड्या बर्फावरून पुढं ओढून नेलं. मग मिचीलला हात केला. तो रिकामी गाडी घेऊन वळसा घालून येऊ लागला.

कडाड्! मागची चाकं खचली. मिचीलनं दारातून उडी मारली, पण पायाखालचं फुटलं आणि तो कमरेपर्यंत पाण्यात गेला. ओगदो पोटावर सरपटत आली आणि तिनं मला त्या भोकावर आडवं टाकलं. मिचीलच्या दोन्ही हातांनी माझा दांडा धरला. बाप रे, काय ओझं! दांडा करकरला. मोडायचं नाही, एवढंच मी मनात म्हणत होते. आणि नाही मोडले, मित्रांनो.

काठावरची माणसं धावत आली. मिचीलला ओढून काढलं, ओले कपडे उतरवून शेकोटीपाशी बसवलं. तुयाराला दवाखान्यात नेलं. ओगदो मला उराशी धरून दवाखान्याच्या ओसरीत थांबली. आत बसायला सांगितलं तरी ऐकेना. तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"मुलगी आहे. दोघी ठणठणीत आहेत."

ओगदो माझ्या आधारानं ओसरीतच खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.

मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. जुनं झालं म्हणून मला टाकलंत तरी चालेल. पण बर्फाचा आवाज ज्यांना ओळखता येतो, त्यांच्याकडून तो आधी शिकून घ्या. मी नुसती वाजले होते, ऐकलं ओगदोनं. आता मिचील घरी असला की रोज तिच्याबरोबर नदीवर येतो, मला हाणतो आणि विचारतो, "हा कसा वाजला, आई?"

"कच्चा," ती म्हणते. "पुन्हा हाण."