दुर्बीण म्हणून विकलेला चष्मा

मी चष्मा बोलतोय. माझ्या खोक्यावर 'दुर्बीण' असं ठळक छापलेलं होतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. दुर्बीण मी नाही, कधीच नव्हतो. हे जगाला सांगायचं मी पक्कं ठरवलंय, कारण माझ्या भरवशावर राहून एका बाईचं अर्धं शेत गेलं.

१९८३ साली तुर्भ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. काळ्या प्लास्टिकची चौकट, प्रत्येक डोळ्यापुढे दोन-दोन भिंगं आणि मध्ये नाकाशी फिरवायची एक चकती. खोक्यावर क्रिकेट बघणाऱ्या एका साहेबाचं चित्र होतं नि खाली लिहिलं होतं, 'दहापट जवळ! हात मोकळे!' हात मोकळे राहायचे, तेवढं खरं. दहापट मात्र निव्वळ थाप. मी वस्तू जेमतेम दुप्पट दाखवतो आणि वर तिच्या कडांना जांभळट चकाकी लावतो. भिंगंच हलकी, मी तरी काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मला खोक्यात भरणाऱ्या दिलीपला माझी लायकी ठाऊक होती. तरी तो मला घरी घेऊन गेला, आपल्या बापासाठी.

त्याचा बाप गोटीराम नेरूळजवळच्या खाडीकाठच्या गावात राहायचा. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातलेला होता. त्याची राखण गोटीरामकडे होती, त्याच्या बापाकडे होती, आज्याकडेही होती. अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण आलं की त्याने त्या बांधावरून अनवाणी चालत जायचं. खेकडे बांधात बिळं पाडतात. आतून पाणी झिरपायला लागलं तरी वरून काही कळत नाही, पण तळव्याला माती गार नि भुसभुशीत लागते. लागली की तिथे चिखल ठोकायचा. पण त्या वर्षी गोटीरामचा गुडघा सुजला होता.

"बाबा, आता ओट्यावर बसून बांद बगा," दिलीप म्हणाला. माझी थोरवी किती, ते मात्र बोलला नाही. बापाला दिलेल्या वस्तूत खोट काढायला त्याची जीभ वळली नाही.

गोटीरामने मला गावभर मिरवलं. उधाणाच्या दिवशी ओट्यावर बसायचा, चकती फिरवायचा आणि मोठ्याने सांगायचा, "बांद सुका हाय!" लोक माना डोलवायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. फुकटचा मान कोणाला नको असतो?

एकटी चांगुणाबाई मान डोलवायची नाही. ही गोटीरामच्या थोरल्या भावाची विधवा. नव्या शहरासाठी गावाची बहुतेक जमीन गेली होती. बांधाला लागून चार-दोन शेतं उरली होती आणि त्यांतल्या एका शेतावर तिचं वर्ष निघायचं.

"भावजी, बांद डोल्यांनी नसतो बगायचा," ती म्हणायची. "पायांनी बगायचा असतो."

"वयनी, तुमाला मशीन समजत नाय."

भाद्रपदातली अमावास्या आली. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. भर दुपारी भरती चढत होती, तेव्हा चांगुणाबाई ओट्यावर आली. गोटीरामने हौसेने मला तिच्या नाकावर चढवलं.

"ह्यात तं आख्ख्या बांदाला चकाकी हाय," ती म्हणाली. "ओल कंची आनी काचंची कंची?"

"ती काचंचीच. सवय व्हावी लागते."

तिने मला काढून त्याच्या हातात ठेवलं आणि पदर खोचून बांधाकडे निघाली. त्या चकाकीतला एक पट्टा माझा नव्हता. तो मी नाही लावला, हे मला कळत होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण देवाने मला डोळे दिले, तोंड दिलं नाही.

थोड्या वेळाने गोटीरामने मला पुन्हा चढवलं. चांगुणाबाई बांधाच्या उतारावर बसलेली दिसली.

"दमली बग. बसली," तो हसून शेजारी बसलेल्या दिलीपला म्हणाला.

तिने हात वर केला. यानेही हात वर केला. तिने दोन्ही हात हलवले. याने मान हलवली. वारा खाडीकडे वाहत होता, तिची हाक ओट्यापर्यंत येत नव्हती. माझ्या जांभळट चकाकीत मधोमध ती एकटीच काय ती नीट दिसत होती, आजूबाजूचं काही नाही. खेकड्याच्या बिळाचं भगदाड झालं होतं आणि त्याला पाठ लावून ती बाई पाणी अडवत होती. आम्ही मात्र तिला विसावा घेताना बघत होतो. त्या घडीची लाज मला आजही वाटते.

मला फार वेळ लावलं की डोळे दुखतात. गोटीरामने डोळे चोळायला मला वर सरकवलं आणि उघड्या डोळ्यांनी समोर पाहिलं. बांधाच्या आतल्या बाजूला, चांगुणाबाईच्या भातात बगळे उतरत होते. एक नाही, थवाच्या थवा. पाणी शेतात शिरलं की मासळी शिरते आणि मासळीमागे बगळे येतात. हे कळायला त्याला कुठल्याच भिंगाची गरज नव्हती.

"खांड गेली रंऽऽ!" बांध फुटला की गावात हीच हाक देतात. सुजलेल्या गुडघ्यानिशी गोटीराम धावत सुटला. मी ओट्यावर आपटलो, माझी एक दांडी तुटली.

पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. गाव घमेली घेऊन धावला. चांगुणाबाई छातीपर्यंत चिखलात होती. लोक तिला ओढायला लागले तशी ती ओरडली, "आदी माती टाका! मी उटनार नाय!" ओहोटी लागेपर्यंत ती हलली नाही. शेवटी तिला खणून काढावं लागलं.

अर्धं शेत वाचलं. उरलेल्यात खारं पाणी बसलं. दोन-तीन पावसाळे तरी तिथे भात होणार नव्हतं.

संध्याकाळी गोटीराम तिच्यापुढे उभा राहिला. "वयनी, राखन दुसऱ्याला द्या. मी लायक नाय."

"राखन तुमीच करायची. गुडगा दुकला तं मी हात धरीन. पन चालायचं."

"काकी," दिलीप खाली मान घालून म्हणाला, "ह्यात दहापट दिसत नाय, मला म्हायती व्हतं."

"मंग बोलला का नाय?"

दिलीप मला उचलून खाडीत फेकायला निघाला, पण चांगुणाबाईने मला काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. येता-जाता दिसूं दे सगल्यांना."

आता तीन वर्षं झाली. वाचलेल्या शेतात बांधालगत एक बुजगावणं उभं आहे, त्याच्या मडक्याच्या तोंडावर मी सुतळीने बांधलेला आहे. माझ्या भिंगांना बुरशी आली आहे. वाचकहो, खोक्यावर काहीही छापलेलं असो, मला खेळ म्हणून खुशाल नाकावर चढवा. राखण मात्र माझ्यावर सोडू नका.

आज पुन्हा उधाण आहे. बांधावरून गोटीराम येतोय, अनवाणी, एका हातात काठी, दुसरा हात वहिनीच्या हातात. दर पावलाला थांबून तळव्याने माती दाबून बघतोय. माझ्यासमोर आला नि माझ्याकडे न बघताच पुढे गेला. जा बाबा, असाच जा.