भोपळ्यातले आवाज

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. हसू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज म्हटलं आपलंही थोडं सांगावं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला आठवतं ते नैरोबीतल्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचं कपाट. तिथली मुलं दिवसभर परक्या कवींवर निबंध लिहायची. तिसऱ्या वर्षी मात्र एक वेगळाच पेपर असायचा. आपापल्या गावी जायचं, म्हाताऱ्या माणसांकडून गोष्ट टेप करून आणायची आणि ती इंग्रजीत उतरवायची. त्यामुळे कपाटातून मला बाहेर काढलं की माझा जीव नुसता हरखून जायचा. आता कुठलं गाव, कुठली गोष्ट?

पेपर वान्यामा सरांचा. माणूस शिस्तीचा, नियम कडक. टेपवर फक्त सांगणाऱ्याचा आवाज हवा. विद्यार्थ्याचा खोकला जरी आला तरी टेप परत.

त्या वर्षी मी न्झिलानीच्या वाट्याला आलो. मुलगी हुशार, पण सातव्या वर्षापासून वसतिगृहात वाढलेली. तिथे घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची. इंग्रजी फाडफाड बोलायची आणि स्वतःच्या किकांबा भाषेत मात्र चाचरायची. टेप नाही दिली तर हा पेपर गेला आणि पेपर गेला तर पदवी गेली, हे ती बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत होती. मी तिच्या मांडीवर होतो, सगळं ऐकत होतो. कॅसेट एकच होती आणि सुट्टीही संपत आली होती.

किटुईकडच्या तिच्या गावात गोष्ट सांगणारी एकच उरली होती, न्झिलानीच्या आजीची धाकटी बहीण स्योम्बुआ. न्झिलानीनं दुपारीच मला तिच्यापुढे ठेवलं. म्हातारीनं मला उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली की दिवसाउजेडी गोष्टी सांगितल्या तर शेळ्या काय तुझा बाप वळणार? आधी मका कांडायला लाग. न्झिलानीच्या हाताला फोड आले. मला मात्र मजा वाटत होती.

संध्याकाळी कांडलेला मका आणि घेवडा खाऊन झाल्यावर चुलीशी गोष्ट सुरू झाली. एक तरस होतं. ते पोरांचे आवाज चोरायचं आणि सुकवलेल्या भोपळ्यांत भरून ठेवायचं. गावातली पोरं एकेक करून मुकी झाली. मी कान टवकारले. म्हणजे हे तरस माझंच भावंड की हो!

आणि म्हातारी थांबली. न्झिलानी गप्प. म्हातारीनं दोन वाक्यं आणखी सांगितली, पुन्हा थांबली. न्झिलानी श्वास रोखून बसलेली, नियमाला घाबरून.

"झोपलीस का गं?"

न्झिलानीनं मान हलवली.

"मग तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?"

तेव्हा न्झिलानीनं घाईघाईनं माझं बटण बंद केलं आणि चाचरत सरांचा नियम समजावला. म्हातारीला काही केल्या तो पटेना. ती म्हणाली, तुझ्या मास्तरांना त्यांच्या आईनं कधी गोष्ट सांगितली नाही वाटतं. तरी न्झिलानीनं मला पुन्हा चालू केल्यावर तिनं प्रयत्न केला, पण त्याच जागी अडली. इकडे माझा जीव कासावीस. एक मुकी पोर होती, तिची आई तरसाच्या घरात शिरली होती. पुढे काय? मला 'हूं' म्हणता आलं असतं तर मीच म्हटलं असतं!

शेवटी म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून उठली.

"हुंकार फक्त मेलेलं माणूस देत नाही, पोरी. भिंतीला गोष्ट सांगायची माझी हौस फिटलीय."

न्झिलानीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझी चकती फिरतच होती.

"हूं," ती म्हणाली. आवाज फाटलेला. पण म्हातारी खाली बसली.

मग ती आई एकेका भोपळ्यापाशी बसून घरच्याच गोष्टी बोलत राहिली. शेळी व्याली, पाऊस नाही, तुझी चटई वाळत घातलीय. आणि एका भोपळ्यातून हळूच आवाज आला, "हूं." आईनं तोच उचलला आणि धूम ठोकली. ही गोष्ट खरंच जुनी होती की म्हातारीनं तिथल्या तिथं रचली, देव जाणे. न्झिलानीचे हुंकार मात्र पुढे मोकळे होत गेले, शेवटी तर ती "अगंबाई, मग?" असंही म्हणाली.

नैरोबीत वान्यामा सरांनी टेप लावली. कपाळावर आठ्या.

"मध्ये मध्ये हे कोण?"

"मीच, सर. त्याशिवाय आजी पुढे जात नव्हती."

सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. न्झिलानीचा चेहरा उतरला. पण त्यांनी मला बंद केलं नाही. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले. आई भोपळ्यांपाशी बोलायला बसली, म्हातारी क्षणभर थांबली, न्झिलानीचा आवाज यायच्या आत सर म्हणाले, "हूं."

सरांनी चष्मा पुसला. न्झिलानीला पास केलं, पण जेमतेम. नियम मोडल्याचे मार्क कापलेच. आणि सुट्टीत मला पिशवीत घालून स्वतःच्या आईकडे घेऊन गेले. त्या टेपवर आईपेक्षा त्यांचाच आवाज जास्त आहे.

स्योम्बुआ आता नाही. न्झिलानी त्याच विभागात शिकवते. तिचा नियम असा की टेपवर विद्यार्थ्याचा हुंकार नसेल तर टेप परत. मुलं आता फोनवरच टेप करतात. माझा आतला रबरी पट्टा तुटलाय, तो कुठे मिळत नाही, म्हणून मी तिच्या कपाटावर धूळ खात बसतो. तक्रार नाही. एवढी माणसं मी पोटात साठवली, पण त्यांतल्या एकाच्याही गोष्टीला मी साधं 'हूं' म्हणू शकलो नाही, याचं वाईट वाटतं.

तुम्हाला ते येतं. इतका वेळ मी बोलतोय. ऐकताय ना?