कडुनिंबाखालच्या सात जोड्या

पेच्चियम्माळ रोज पहाटे अंघोळ करून मारियम्मन देवीपुढे दिवा लावायची. पण त्याआधी मागच्या पडवीत जाऊन सात जोड्या चपला पुसायची आणि पुसताना मोजायची. सहा महिन्यांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. मंगळवार-शुक्रवारच्या उपासाइतकाच तो पक्का होता.

कितीही पुसल्या तरी दुसऱ्या दिवशी पट्ट्यांच्या खोबणीत चंदेरी, करडी भुकटी दिसायचीच. फटाक्यांच्या दारूची भुकटी. वेल्लांगुळम गावातल्या, फटाक्यांच्या कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या नखांत, भुवयांत, पदरात ती असतेच. संध्याकाळी कामावरून येताना ती बरोबरच घरी येते. पण या चपला घालून जाणारे पाय आता होते कुठे?

आणखीही एक गोष्ट होती. रात्री ती चपलांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायची, आणि पहाटे ती कारखान्याच्या दिशेला वळलेली असायची. धाकट्या लेकीपाशी, पूंगोडीपाशी, ती एकदाच हे बोलून गेली.

"मांजर असेल गं, अम्मा," पूंगोडी म्हणाली. "त्याला काय दुसरा उद्योग! बसलं असेल एकेक जोडी वळवत."

पेच्चियम्माळ हसली नाही. पुन्हा तिने तो विषय काढलाही नाही.

त्या चपला नऊ नंबरच्या खोलीतल्या बायकांच्या होत्या. पायाखाली वाळूचा कण घासला तरी ठिणगी उडते, म्हणून कामावर आलेली बाई चपला खोलीपासून तीस पावलांवर, कडुनिंबाखाली काढते आणि अनवाणी आत जाते. नऊ नंबरच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती : माणसे चार. त्या दिवशी मोठी मागणी होती म्हणून आत सातजणी बसवल्या होत्या. मागचं दार पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या पोत्यांनी अडवलं होतं. स्फोटात खोली गेली. कडुनिंबाखालच्या चपला तेवढ्या राहिल्या.

पेच्चियम्माळची थोरली लेक चेल्लक्किळी मागच्या दाराशी सापडली. पोत्यांच्या अलीकडे.

चौकशीला साहेब आले तेव्हा फोरमन गुरुसामीने हजेरीवर चारच नावं दाखवली. उरलेल्या तिघी डबा द्यायला आल्या होत्या आणि गप्पा मारत बसल्या होत्या, असं तो म्हणाला. त्या तिघींत चेल्लक्किळी होती. त्या तिघींत गुरुसामीची सख्खी बहीण इरुळायीही होती. चौघींचे फोटो हार घालून ऑफिसच्या भिंतीवर लागले, तिघींचे लागले नाहीत. उरल्यासुरल्या सामानाबरोबर चपलाही जाळून टाका असा हुकूम निघाला, तेव्हा पेच्चियम्माळने सातही जोड्या पदरात गोळा करून घरी आणल्या. तेव्हापासून तिच्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, पडला नव्हता. दुखवट्याच्या घरापुढे पांढरी रेघ काढत नाहीत.

आणि एका संध्याकाळी पूंगोडी हात धुता धुता म्हणाली, "नऊ नंबर पुन्हा बांधून झालाय. उद्यापासून माझं नाव तिथे लागलंय."

"किती जणी?"

"सात. दिवाळी तोंडावर आलीय ना."

"आणि पाटीवर?"

"पाटीवर चार. पाट्या वाचून पोट भरत असतं तर मी शाळाच सोडली नसती, अम्मा."

पेच्चियम्माळ रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे पडवीत बसून तिने चपला पुसायला घेतल्या. पाच. सहा. सात. आणि मग हाताला आणखी एक जोडी लागली.

आठवी. रांगेच्या टोकाला, चेल्लक्किळीच्या जोडीला खेटून. लाल पट्ट्यांची.

पूंगोडी रात्री मागल्या नळावर पाय धुऊन तिथेच चपला काढून गेली असेल, हे तिला कळत होतं. पण ती आठवी जोडीही कारखान्याकडेच तोंड करून उभी होती.

तिने दिवा लावला, हात जोडले. मग फडताळातून तांदळाच्या पिठाचा डबा काढला, सात जोड्या टोपलीत भरल्या आणि लेक उठायच्या आत ती घराबाहेर पडली.

कडुनिंबाखाली तिने चपला त्या दिवशीच्याच क्रमाने मांडल्या. मग बाजूची जमीन शिंपून पिठाने चार चौकोन काढले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक फूल. रेघ कुठे मोडली नाही.

बायका येऊ लागल्या. पहिल्या चौघी काही न विचारता चौकोनांत चपला काढून उभ्या राहिल्या. पाचवी वेलुत्ताय, तोंडाची फटकळ.

"काय गं पेच्ची अक्का, दुकान मांडलंस की काय? माझ्या मापाची आहे का एखादी?"

बोलता बोलता तिची नजर जांभळ्या दोऱ्याने शिवलेल्या निळ्या पट्ट्यावर गेली. ती चेल्लक्किळीशेजारी तीन वर्षं कामाला बसली होती; ही चप्पल तिने लगेच ओळखली. तिने स्वतःची चप्पल काढता काढता पुन्हा पायात घातली.

गुरुसामी नव्या खोलीच्या पूजेचं ताट घेऊन आला. "अक्का, उचल हे. चांगल्या दिवशी अपशकुन नको."

"मी जागा आखल्यात फक्त," ती हळूच म्हणाली. आवाज चढवणं तिला कधी जमलंच नव्हतं. "पाटीवर चार आहेत, चार आखल्या. पाचवी जिला आत जायचंय, तिने चपला या रांगेत ठेवाव्यात. टोकाला जागा आहे."

"येड लागलंय का तुला?" त्याने रांग सारायला पाय उचलला, आणि तो पाय तसाच राहिला. समोर डावी टाच एका बाजूने पार झिजलेली तपकिरी जोडी होती. इरुळायी लहानपणापासून त्या पायाने लंगडायची.

"ही... तुझ्याकडे होती?"

"डबा द्यायला आलेली बाई चपला फाटकाशी काढते, गुरुसामी. या झाडाखाली कामावरचीच काढते. तुला काय मी सांगायचं?"

गुरुसामी ताट बाजूला ठेवून उकिडवा बसला. त्याने ती डावी चप्पल उचलली, अंगठ्याने टाचेवरून भुकटी पुसली.

"आत चौघीच," तो मान वर न करता म्हणाला.

"आणि मागचं दार?"

तो उठला. मागच्या दाराशी सकाळीच आणून टाकलेली पोती त्याने स्वतः ओढून बाहेर काढली, एकेक करून.

तेवढ्यात पूंगोडी धापा टाकत आली. पायात लाल चपला. भरलेले चार चौकोन तिने पाहिले, सात जोड्यांची रांग पाहिली, ताईच्या चपलेशेजारची मोकळी जागा पाहिली.

"अम्मा, मग मी?"

"कागदाच्या खोलीत जा. तिथे दोघीच आहेत."

पूंगोडी कागदाच्या खोलीकडे वळली.

पेच्चियम्माळ दिवसभर कडुनिंबाखाली बसून राहिली, पाण्याचा घोटही न घेता. संध्याकाळी चौघी बाहेर आल्या, चपला घालून घरी गेल्या. चारही चौकोन रिकामे झाले तेव्हाच तिने टोपली भरली.

"उद्याही येणार?" गुरुसामीने विचारलं.

"त्या तिघींचे फोटो भिंतीवर लागले तरी येणार. नेम आहे माझा."

रात्री तिने चपलांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली. पूंगोडीची जोडी आत, स्वतःच्या उशाशी घेतली.

पहाटे सातही जोड्या कारखान्याकडे वळलेल्या होत्या. पट्ट्यांत भुकटी होती. तिने एकेक पुसली, मोजली. सातच.

"चला गं बायांनो," ती म्हणाली, आणि टोपली उचलली.