मानेसरचा उघडा कॅमेरा

धम्मपाल रोज सकाळी 'नवलाई' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लिंक टाकायचा. कधी समुद्राच्या तळातले आवाज ऐकवणारं पान, कधी जगातल्या दीपगृहांचा नकाशा, कधी कुणीतरी जन्मभर जमवलेली बसची तिकिटं. गटात दिल्ली, नोएडा, गुडगावकडची मराठी माणसं होती, बहुतेक विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली. धम्मपाल स्वतः एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिवसभर फायली पुढे सरकवणाऱ्या या माणसाला सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, याचं फार अप्रूप होतं.

त्या शनिवारी त्याने टाकलेलं पान वेगळंच होतं. लोकांनी घरात, दुकानात कॅमेरे लावलेले, पण पासवर्ड बदललेला नाही. असे जगभरातले कॅमेरे कुणीतरी एका जागी आणून ठेवले होते. कुणीही बघावं. 'घरबसल्या जगाची सैर' असं त्याने वर लिहिलं आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये चहा घेत स्वतःही बघत बसला. माशांची टाकी, कुठली तरी बेकरी, बर्फाने झाकलेल्या गाड्या. मग त्याने भारत निवडला. एका चौकटीखाली 'मानेसर' एवढंच लिहिलं होतं.

एक लहान खोली दिसली. पलंग, टेबलफॅन, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी मराठी कॅलेंडर. आपल्यातलंच कुणीतरी, असं वाटून त्याला क्षणभर बरं वाटलं. मग पलंगाच्या कडेला फरशीवर काहीतरी हललं. एक म्हातारी बाई पडली होती. एक पाय वेडावाकडा दुमडलेला. ती हात लांबवून पलंगाचा पाय धरू बघत होती आणि हात पुन्हा पुन्हा निसटत होता.

"समता, इकडे ये जरा."

त्याची बायको हात पुसत आली. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "अहो, ही पडलीय. कोण आहे ही?"

"माहीत नाही. हे आत्ता चाललंय, मानेसरमध्ये."

त्याने पोलिसांच्या एकशेबारा नंबरला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे पत्ता विचारला. पत्ता नव्हता. नाव विचारलं. तेही नव्हतं. "फिर आप देख कैसे रहे हैं?" त्याने विचारलं, आणि धम्मपालला ते धड सांगताही येईना. "पता मिलते ही फोन कीजिए, गाड़ी भेज देंगे."

"गटावर फोटो टाका," समता म्हणाली. "कुणीतरी ओळखेल."

त्याने स्क्रीनचा फोटो काढला. बाईची साडी गुडघ्याच्या वर गेली होती. त्याचं बोट पाठवायच्या बाणावर थांबलं.

"नको," समताच म्हणाली. "आपल्या आईला असं कुणी सगळ्यांना दाखवलं असतं तर? नुसतं लिहा."

त्याने लिहिलं: मानेसरमध्ये एका मराठी बौद्ध घरात वयस्कर बाई पडल्या आहेत, घरात एकट्या दिसतात. खिडकीशी शिवणयंत्र, निळा पडदा, कोपऱ्यात वॉकर. कुणी ओळखत असल्यास लगेच फोन करा.

उत्तरं आली. कुणी हात जोडले. कुणी 'आजची लिंक भारी सर' म्हणून अंगठा दाखवला. धम्मपालला तो अंगठा बघवेना. बाईने आता हात लांबवणं सोडून दिलं होतं. छाती हलतेय की नाही हे त्या पुसट चित्रात कळत नव्हतं. समता मोबाइलकडे बघत पुटपुटत होती, "मावशी, हलू नका, आम्ही बघतोय." आवाज तिकडे जाणार नव्हता.

फोन वाजला. गटातलीच, गुडगावला शाळेत शिकवणारी भावना होती. "सर, पडद्यावर पांढरी फुलं आहेत का?"

"आहेत."

"मग त्या शेवंतामावशीच. समाधानची आई. तो गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे, आज शनिवारीही शिफ्ट असते त्याची. सून पण कामावर. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. पण खालच्या घरमालकाचा नंबर आहे माझ्याकडे. मी लावते, तुम्ही पत्ता लिहून घ्या."

त्याने पुन्हा एकशेबाराला फोन करून पत्ता दिला. मग दोघं नवराबायको मोबाइलकडे बघत उभे राहिले. दार कुठल्या बाजूला आहे तेही त्यांना माहीत नव्हतं. अखेर चौकटीच्या उजवीकडून पायजमा घातलेला एक माणूस आला, मागोमाग एक बाई. बाईने आधी मावशींची साडी खाली ओढली, मग मान उचलून मांडीवर घेतली. म्हातारीचा हात तिच्या खांद्याकडे गेला. समता खाली बसली. धम्मपालने पान बंद केलं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"जयभीम सर. मी समाधान. भावनाताईंनी नंबर दिला. आईचं खुब्याचं हाड मोडलंय. परवा ऑपरेशन आहे. शुद्धीवर आहे, बोलतेय."

"जयभीम. फार बरं झालं."

"सर, एक विचारू? जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन आईला बघता यावं म्हणून तो कॅमेरा मी लावला होता. आमची खोली एकच आहे. अक्षया, माझी बायको, तिथेच कपडे बदलते. हे किती दिवसांपासून दिसत होतं?"

"मला माहीत नाही, समाधान. मी आजच पाहिलं."

"आणखी किती जणांनी?"

धम्मपालने सकाळी ती लिंक गटावर टाकली होती. समताच्या भावाने दुपारी नागपूरहून तीच लिंक तिला परत पाठवली होती, त्याला ती तिसऱ्याच कुणाकडून मिळाली होती. हे सगळं त्याने समाधानला सांगितलं. लपवावंसं वाटलं, पण सांगितलं.

"मी गटावरून काढलीय. बाकीच्यांकडून काढून घेणं माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "मला माफ कर."

"तुम्ही ते पान उघडलं नसतं तर आई तिथेच पडून राहिली असती," समाधान म्हणाला. त्याच्या आवाजात आभार नव्हते आणि रागही नव्हता. तो फक्त दमला होता. "अक्षयाला काय सांगू ते मात्र कळत नाही."

मागून एका बाईचा आवाज आला, "आधी ते दिसणं कसं बंद करायचं ते विचारा." मग तिनेच फोन घेतला. "सर, पासवर्ड कसा बदलायचा, मला सांगा. मी लिहून घेते."

धम्मपाल एकेक पायरी सांगत गेला आणि अक्षया लिहीत राहिली.