बाळंतिणीच्या खोलीतली मिरची

मित्रांनो, मला खिडकी नाही, हे आधीच सांगून टाकते. छपराजवळ वीतभर झरोका आहे, तेवढाच. मी नेरे गावातल्या जयसिंगरावांच्या घराची मागची जुनी खोली. मला बांधलं तेच बाळंतिणींसाठी. वारा लागू नये, उजेड टोचू नये, म्हणून माझ्या भिंती जाड आणि दार बुटकं. या घरातली दोन पिढ्यांची माणसं पहिल्यांदा रडली ती माझ्या पोटात. ओव्याची धुरी काय, शेगडीचा शेक काय, माझा रुबाब विचारू नका! भल्याभल्या मिशीवाल्यांनाही माझ्या दाराबाहेर खाकरून उभं राहावं लागे.

पुढे बाळं दवाखान्यात जन्मू लागली. ते चांगलंच झालं म्हणा, पण मी रिकामी पडले. आधी माझ्यात कांदे आले, मग भाडेकरूंच्या टीव्हीचे खोके. नेमाने भेटायला यायची ती फक्त झुरळं.

गेल्या वर्षी जयसिंगरावांनी शेवटचं रान विकलं. त्यांच्या पत्नी गोजराबाई सह्या करून घरी आल्या आणि राखेच्या मडक्यातलं मिरचीचं बी काढून बसल्या. त्यांच्या सासूपासून चालत आलेलं हे बी. मिरची दिसायला बुटकी, पण फोडणीत पडली की शेजारच्या घरात शिंका. मध्ये दोन वर्षं पेरणी हुकली होती, आणि मिरचीचं बी काही जन्मभर वाट बघत नाही. यंदा उगवलं नाही तर ते वाण संपलंच. पण पेरायचं कुठे? अंगणात भाडेकरूंच्या गाड्या. गच्चीवर माकडं, आणि शेजारच्या बांधकामाची धूळ पानावर पीठ चाळल्यासारखी.

"माज्या डोस्क्यावर पेर," जयसिंगराव टकलावर हात फिरवत म्हणाले. "तितं न्हाईतरी काय उगवत न्हाई."

वरच्या मजल्यावर ऋतिका भाड्याने राहते. वाशिमची मुलगी, हिंजवडीत नोकरीला. ती म्हणाली, "काकू, मागच्या खोलीत लावू या. दिव्यांच्या उजेडात वाढवू."

"दिव्याच्या उजेडात? मिरची हाय का परीक्षेला बसलेली पोरगी?"

पण रविवारी खोके निघाले. मला चुना लागला, दाराला आतून चंदेरी कागद लागला. भांड्यांची लोखंडी मांडणी आली. माझ्या तुळईला पाळण्याच्या कड्या होत्या. त्यांनाच साखळ्या अडकवून पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या टांगल्या. झरोक्यात जुन्या कॉम्प्युटरचा लहानसा पंखा बसला. आइस्क्रीमच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून त्यांत नारळाचा भुसा आणि शेणखत भरलं. गोजराबाईंनी निम्मं बी पेरलं, निम्मं परत राखेत ठेवलं. इतका उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. लाजच वाटली थोडी.

कोंब वर आले आणि गोजराबाईंनी प्रत्येक डब्याला काजळाची तीट लावली. इथवर ठीक होतं. पण तान्ह्याला वारा लागू देऊ नये, ही सासूची शिकवण त्यांच्या हाडात मुरलेली. ऋतिका ऑफिसला गेली की त्या पंखा बंद करत, झरोक्यात गोधडीचा बोळा कोंबत आणि दार घट्ट लावून घेत. ऋतिका संध्याकाळी यायच्या आत सगळं पुन्हा जागच्या जागी. मला तर जुने दिवस परत आल्यासारखे वाटत होते.

भिंतींना घाम फुटला. भुशावर पांढरी बुरशी धरली. एका सकाळी रोपांनी बुडातूनच माना टाकल्या, एकजात सगळ्यांनी. ऋतिकाने वर पाहिलं. आदल्या संध्याकाळी काढायचा राहिलेला बोळा झरोक्यातच होता.

"काकू, हे कोणी कोंबलं?"

"मी. तानी हायेत न्हवं का. वारं लागंल म्हनून."

ऋतिकाने रागाने बोळा ओढून काढला. मग ती त्यांच्याशेजारी माझ्या उंबऱ्यावर बसली. "चुकलं माझंही. पंख्याचं बटण दाखवलं, पंखा कशाला ते सांगितलंच नाही. दमट हवा बाहेर गेली नाही तर रोपं कुजतात, काकू."

जयसिंगराव बाहेरून म्हणाले, "मंजी आपली पोरं जगली ती नशिबानंच म्हनायची!"

"तुमी गप ऱ्हावा."

गोजराबाईंनी उरलेलं बी पेरलं. आता मडक्यात नुसती राख. पेरलेल्या बियांतून थोडीच रोपं वर आली. पंख्याच्या वाऱ्याने ती थरथरायची आणि गोजराबाईंचा जीव वरखाली व्हायचा.

"हलली की देठ जाड होतो, काकू."

"व्हय गं, पर बघवत न्हाई." आणि तोंड फिरवून त्या स्वतःच्या हाताने पंखा लावत.

रोपं जगली, मित्रांनो! पांढरी फुलं आली, मिरच्या लागल्या, लाल झाल्या. कोणी हात लावायचा नाही, सगळं बियाण्यासाठी, असा गोजराबाईंचा हुकूम.

"एक तरी दे, भाकरीसंगं," जयसिंगराव काकुळतीला आले. गोजराबाईंनी एक तोडली, चिरली, बी काढून घेतलं आणि सालपट त्यांच्या ताटात टाकलं. ते खाताना जयसिंगरावांचे कान लाल झाले. मग "हीच ती," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता त्यांनी आणखी एक लोखंडी मांडणी आणून माझ्यात उभी केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी माझ्यासारखी अडगळ असेल. तिला कुलूप घालण्याआधी एकदा आत डोकावून बघा. आणि ज्याच्यावर जीव आहे ते जरूर जपा, पण त्याला श्वास घेऊ द्या. ते थरथरेल, तुम्हाला बघवणार नाही. तरी घेऊ द्या.

चला, पुरे झालं माझं पुराण. गोजराबाई आल्यात. एक हात पंख्याच्या बटणावर आहे आणि तोंड दाराकडे.