जावेचा ताप

धाकटी जाऊ दिपमाला मूतखड्याचं ऑपरेशन करून धुळ्याहून घरी आली, तेव्हापासून कमलबाईंच्या जिवाची नुसती आग होत होती. दीर प्रेमराज बायकोजवळून हलत नव्हता. तांब्या रिकामा झाला की भरायचा, शहाळी आणायचा, उशी सारखी करायचा.

काही वर्षांपूर्वी कमलबाईंचंही असंच ऑपरेशन झालं होतं. नवऱ्याने, कौतिकने, त्यांना एसटीने घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी त्या भाकरी थापायला बसल्या. पुढे थंडीताप भरला. सासू म्हणाली, "ऊन लागनं व्हई." चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. तोवर जंतू रक्तात गेले होते.

आठवड्याने एका दुपारी मात्र दोघे भाऊ शेतात होते. भर उन्हाळ्यात दिपमाला गोधड्या घेऊन कुडकुडत होती. सासू म्हणाली, "तापनी गोळी दे, उतरी जाई."

कमलबाई दारातच थांबल्या. पडू दे, हिलाही कळू दे, असं मनात आलं. मग दिपमालाचे दात वाजताना ऐकू आले, आणि त्या झटकन आत गेल्या.

"जंतूंच्या गोळ्या घेतेस ना?"

"मळमळायचं, अक्का. दुखणं थांबलं म्हणून बंद केल्या."

"ऑपरेशनच्या वेळी घातलेली नळी आत आहे ना अजून? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"थंडी वाजून ताप आला तर लगेच या."

"मग ऊठ."

शेजारच्या मोतीलालभाऊंच्या गाडीतून त्यांनी तिला धुळ्यातल्या देवपूरच्या दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "जंतू वाढलेत, पण वेळेवर आणलंत. गोळ्या अर्ध्यात सोडायच्या नसतात."

शेतातून दोघे भाऊ धावत आले. प्रेमराजने वहिनीपुढे हातच जोडले. कौतिकने विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मलाही हेच झालं होतं. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही कूस बदलून झोपलात."

कौतिक बाहेर जाऊन कमलबाईंसाठी चहा घेऊन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चहा पितानाही कमलबाईंची नजर खाटेकडे गेली. प्रेमराज बायकोचे तळवे चोळत होता. त्यांनी कप ठणकन खाली ठेवला.

"आता गोळ्या मी देत जाईन," त्या दिराला म्हणाल्या. "तुमच्या लाडात ती चुकवते."